पडलेला भाव आणि भरलेलं गोदाम

एखाद्या कंपनीचा शेअर निम्म्यावर आला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "आता स्वस्त झालाय, घेऊन ठेवू या." कंपनी कॉम्प्युटर बनवणारी असेल तर पाठोपाठ ॲपलचा दाखलाही येतो. तो दाखला आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की या वेळी तोच उलगडून पाहावा म्हटलं.

१९९७ च्या आर्थिक वर्षात ॲपलला सुमारे १ अब्ज डॉलरचा तोटा झाला. त्या ऑक्टोबरात मायकेल डेल यांना विचारण्यात आलं, ही कंपनी तुमच्या हाती असती तर काय केलं असतं? ते म्हणाले, बंद करून भागधारकांचे पैसे परत दिले असते. आज हे ऐकून हसू येतं. पण तेव्हा ते अगदीच वेडगळ नव्हतं. कॉम्प्युटर म्हणजे पाटीतली मासळी. नवी चिप बाजारात आली की गोदामातल्या मालाचा भाव उतरतो, आणि भाडं, पगार, पुरवठादारांची बिलं काही थांबत नाहीत. डेल यांची कंपनी ऑर्डर आल्यावरच मशीन जोडायची, त्यामुळे तिच्याकडे माल साचत नसे.

ॲपलने पुढे केलं ते बरंचसं हेच. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट १९९७ मध्ये १५ कोटी डॉलर गुंतवले, त्याने धीर आला. स्टीव्ह जॉब्ज यांनी बहुतेक मॉडेलं बंद केली. १९९८ मध्ये टिम कुक आले. त्यांनी १९ पैकी १० गोदामं बंद केली, मुख्य पुरवठादार १०० वरून २४ वर आणले, आणि त्या सप्टेंबरपर्यंत जेमतेम सहा दिवसांचा माल शिल्लक राहू लागला. त्या वर्षी कंपनीला ३० कोटी डॉलरहून जास्त नफा झाला. रंगीत आयमॅक सगळ्यांच्या लक्षात राहिला, गोदामं कुणाच्याच नाहीत. तोट्यातल्या कंपनीचा अहवाल हाती आला तर आम्ही आधी तिथेच बघू: हातात रोकड किती, कर्ज किती, आणि न विकलेला माल विक्रीपेक्षा वेगाने वाढतोय का? भाव किती पडला, हे त्यानंतर.

शिवाय दाखला द्यायला उरते ती वाचलेली कंपनी. कमोडोरचं दिवाळं १९९४ मध्ये वाजलं. गेटवे २००७ मध्ये एसरने शेअरला १ डॉलर ९० सेंट देऊन घेतली. "आता स्वस्त आहे" म्हणणारे तिथेही असणारच.

आणि खुद्द डेल? घरोघरी मोबाइल आणि टॅब्लेट आल्यावर त्या कंपनीलाही ओहोटी लागली. २०१३ मध्ये मायकेल डेल यांनी सिल्व्हर लेक या गुंतवणूक कंपनीला सोबत घेऊन ती बाजारातून काढून घेतली. कार्ल आयकान यांच्यासारख्या बड्या भागधारकांनी भाव फार कमी आहे म्हणून विरोध केला, पण मतदानात सौदा मंजूर झाला. शेअरमागे १३ डॉलर ७५ सेंट आणि वर थोडा लाभांश हातात पडला. डिसेंबर २०१८ मध्ये डेल सावरून पुन्हा शेअर बाजारात आली, तेव्हा पडत्या काळात शेअर धरून बसलेल्या त्या जुन्या भागधारकांकडे त्यातलं काहीच उरलं नव्हतं.