औषध आहे, निदान कोठे?

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद 1986 मध्ये मद्रासला झाली, तेव्हा हे निदान म्हणजे मृत्यूची नोटीसच समजली जाई. तो काळ आता मागे पडला आहे. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी रुग्णालयांतून विषाणूरोधक औषधे मोफत मिळू लागली. मात्र प्रतिकारशक्ती ठराविक पातळीखाली घसरेपर्यंत रुग्णाला थांबावे लागे. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही अट रद्द ठरविली आणि 2017 मध्ये भारतानेही निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण स्वीकारले. नियमित औषधाने रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका घटला, की लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याकडे जात नाही, हे सिद्ध झाले आहे. उपचार हाच येथे प्रतिबंधही ठरतो.

मग घोडे अडते कोठे? औषधाच्या कपाटापाशी नव्हे, तर चाचणीच्या दाराशी. 2023 च्या अंदाजानुसार देशात 25 लाखांहून अधिक बाधित आहेत आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. यांपैकी सुमारे एक-पंचमांश लोकांना आपल्या रक्तात हा विषाणू असल्याची वार्ताही नाही. गर्भवती आणि क्षयरुग्ण यांची तपासणी रुळली आहे. परंतु जो दवाखान्याची पायरीच चढत नाही, त्याच्यापर्यंत पोहोचायचे कसे, हा खरा प्रश्न आहे.

बोटाच्या टोकावरील रक्ताच्या थेंबाने प्राथमिक चाचणी आरोग्य उपकेंद्रातही होऊ शकते. पक्के निदान मोठ्या केंद्रात करावे लागते. या दोहोंमधील वाटेतच माणसे गळतात. एसटीचे भाडे, बुडणारी मजुरी आणि त्याहून अधिक म्हणजे गावात बोभाटा होण्याचे भय! तेव्हा केवळ चाचण्यांचे आकडे फुगवून भागणार नाही. समुपदेशक आणि तंत्रज्ञ यांना वर्षानुवर्षे कंत्राटावर राबवून विश्वासाचे हे काम कसे साधणार?

सक्तीच्या तपासणीचा सोपा मार्ग सुचविणारेही आहेत. तो घातक आहे, कारण धाकाने माणूस लपतो. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेला कायदा संमतीविना चाचणीस आणि नोकरी वा शिक्षणातील भेदभावास मनाई करतो. पण कायद्याचे संरक्षण शाळेच्या वर्गात आणि कचेरीच्या टेबलापाशी अनुभवास आले पाहिजे. शासनाने चाचणी दारात न्यावी. आणि ती करवून घेणाऱ्याकडे बोट न दाखविण्याचे सौजन्य समाजाने दाखवावे. यातील एक गोष्ट राहिली, तर दुसरी फुकट जाईल.