स्मृतिव्याख्यान म्हणजे श्राद्ध नव्हे

विद्यापीठांतली वार्षिक स्मृतिव्याख्याने, विशेषतः राज्यविचारावरची, आता बंद करावीत असे म्हणणारे भेटतात. त्यांचे आक्षेप तीन. हे देणगीदाराचे वर्षश्राद्ध आहे. विद्यापीठाने राजकारणाच्या वाटेला जाऊ नये. आणि सारे काही घरबसल्या ऐकायला मिळत असताना एकाने बोलावे व सभागृहाने ऐकावे, ही रीत जुनी झाली. हे आक्षेप प्रामाणिक आहेत, पण टिकणारे नाहीत.

पुण्याच्या गोखले संस्थेचा दाखला घ्या. १९३० साली साताऱ्याच्या रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून ती उभी राहिली. आज ती अभिमत विद्यापीठ आहे. तिथल्या काळे स्मारक व्याख्यानासाठी २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. विषय होता संघराज्य की स्वातंत्र्य. १९३५ च्या कायद्याने आखलेल्या संघराज्याच्या विधानसभेत ३७५ पैकी १२५ जागा संस्थानांच्या होत्या आणि त्या भरायच्या होत्या संस्थानिकांच्या नेमणुकीने. मतदारांना जबाबदार असणारे आणि राजाच्या मर्जीने बसणारे एकाच सभागृहात बसले, तर ते स्वराज्य कसे, हा त्यांचा सवाल होता. यात श्राद्ध कुठे आहे?

पहिल्या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. हार, शाल-श्रीफळ आणि लांबलचक परिचय यांत पुष्कळ व्याख्याने गुदमरतात. पण तो दोष रीतीचा नसून ती राबवणाऱ्यांच्या आळसाचा आहे. १९४३ मध्ये रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला याच पुण्यात बोलताना आंबेडकरांनी रानड्यांची थोरवी सांगितली आणि विभूतिपूजेवर कोरडेही ओढले. स्मरण असे करावे.

दुसरा आक्षेप प्रचार आणि तत्त्वचिंतन यांची गल्लत करतो. मत कोणाला द्यावे हे प्रचार सांगतो. मताला मोल कशाने येते हे राज्यविचार तपासतो. १९३९ साली आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते होते, मुंबई विधानसभेचे सदस्य होते. तरीही त्यांनी घोषणा दिल्या नाहीत. कायद्याची तरतूद तरतुदीला भिडवून पाहिली. तरुणांना हे विद्यापीठात दिसले नाही तर कुठे दिसणार?

तिसऱ्या आक्षेपाचे उत्तरही तिथेच आहे. वेळेअभावी त्या दिवशी भाषणाचा काही भाग गाळावा लागला. पुढे ते संपूर्ण छापून आले. सभागृह विचाराला मुहूर्त देते, छापील पान आयुष्य देते. वर्षातून एकदा तरी एक युक्तिवाद सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग ऐकण्याची सवय समाजाला हवी. तुकड्यातुकड्यांनी ऐकणारा सहमत होतो किंवा चिडतो. सलग ऐकणाऱ्यालाच नेमके खंडन करता येते.

म्हणून व्याख्याने बंद करू नका, ती कठोर करा. विषय आजच्या पेचाचा असावा, वक्त्याला पूर्ण मोकळीक असावी, श्रोत्यांच्या प्रश्नांना भाषणाइतका वेळ असावा आणि मजकूर मराठीत छापला जावा.

ते संघराज्य कधीच अवतरले नाही. महायुद्ध पेटताच सप्टेंबर १९३९ मध्ये योजना बाजूला पडली. व्याख्यान मात्र उरले, कारण सभागृहात बसलेला माणूस कोणाला जबाबदार, हा त्यातला प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने विचारावा लागतो. तो विचारायला वर्षातला एक दिवस राखून ठेवणे, हेच काळ्यांच्या देणगीचे खरे स्मारक आहे.