म्हणे, अँप्लिफायर बिघडवला!

आमच्या पुतण्याने आपल्या गिटारच्या व्हॉल्व्हवाल्या अँप्लिफायरची पाठ उघडून आतला एक रेझिस्टर बदलला, तेव्हा घरात जणू सुतक आले. "चांगल्या वस्तूची माती केलीस!" असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्याला सुनावले. गृहस्थ गाण्याचे दर्दी. तंबोरा लागला की त्यांचे डोळे आपोआप मिटतात. माझे भांडण ह्या मिटलेल्या डोळ्यांशीच आहे.

तंबोऱ्यात ते ऐकतात काय? मिरजेचा कारागीर घोडीची पाठ कानशीने घासून अशी उतरती करतो, की तार तिला पुनःपुन्हा निसटती शिवते. वर तारेखाली दोरा सरकवायचा. तार कोरडी वाजू नये, झणझणावी, ह्यासाठीच हा सारा खटाटोप! मग न छेडलेला गांधार आपसूक ऐकू येतो. ह्याला आपण जवारी म्हणतो आणि मान डोलावतो. तोच खटाटोप एखाद्या पोराने काचेच्या नळीत केला, की तो बिघाड!

त्या नळीत होते एवढेच. एक व्हॉल्व्ह सूर मोठा करून पुढच्याच्या हाती देतो. पण त्याची झेप विजेच्या दाबाने बांधलेली. त्याहून अधिक मागा, लाटेचे माथे छाटले जातात आणि त्या छाटलेल्या लाटेत नवे, वरचे स्वर उमटतात. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल ह्यांच्या दुकानात अमेरिकन फेंडर बासमनच्या आराखड्यावरून अँप्लिफायर बांधला गेला. मूळ यंत्र बास गिटारसाठी, स्वच्छ आवाजाचे. त्यातल्या पहिल्या, सुमारे ४४ वर्धनांकाच्या व्हॉल्व्हच्या जागी ह्यांनी १०० वर्धनांकाचा ईसीसी ८३ बसवला. हाही बिघाडच म्हणायचा काय? १९६६ साली जॉन मेऑलच्या ध्वनिमुद्रिकेत एरिक क्लॅप्टनने मार्शलचा अँप्लिफायर चढा वाजवला, आणि मग पोरांना तोच आवाज हवासा झाला.

बरे, आमच्या चिरंजीवांनी आवाज वाढवला म्हणावे, तर तेही नाही! दुसऱ्या टप्प्यावर दीड हजार ओहमच्या जागी दहा हजारांचा रेझिस्टर डाख देऊन बसवला आणि शेजारचा कॅपॅसिटर काढून टाकला. मार्शलच्या १९७५ च्या यंत्रातली ही युक्ती. ह्याने त्या टप्प्याचे वर्धन उलट घटते. मात्र लाटेची एक बाजू दुसरीच्या आधी छाटली जाते. दोन टप्प्यांमधला कॅपॅसिटरही त्याने लहान घातला, म्हणजे खर्ज आधीच थोडा गळतो आणि आवाजाचा चिखल होत नाही. जवारी लावणाऱ्याची कानस तरी ह्याहून निराळे काय करते?

त्याला रागे भरायला एक जागा होती, पण ती दर्दी गृहस्थांना दिसलीच नाही. यंत्र बंद केले, पिन काढली, तरी आतल्या मोठ्या कॅपॅसिटरांत तीन-चारशे व्होल्ट दबा धरून बसू शकतात. जीव घ्यायला तेवढे पुरे. मी मास्तरी आवाजात विचारले, "हात घालण्याआधी मीटर लावून पाहिलेस?"

स्वारी गप्प.

मग मीटर आणवला. अर्ध्या तासापूर्वी बंद केलेल्या त्या यंत्रात काटा अजून शून्यावर आलेला नव्हता.