यात्रेतल्या पालात उजेड हवा, धोका नको

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराची. शिवाय कंधारचा उरूस आणि वर्षभर गावोगावचे आठवडी बाजार. नांदेड-लातूर भागातली आपली कितीतरी घरे अशा फिरत्या धंद्यावर चालतात. बांगड्या, खेळणी, खजूर, तयार कपडे असा माल छोटा हत्तीत भरायचा, पाल ठोकायचे आणि चार-पाच दिवस तिथेच मुक्काम करायचा. दिवसा दुकान, रात्री त्याच गाडीत बायका-मुलांची झोप. तिथे वीज मिळतेच असे नाही, म्हणून बॅटरी लागते. या महिन्यात त्याच बॅटरीविषयी बोलू.

पहिली गोष्ट, गाडीच्या स्वतःच्या बॅटरीवर दुकान चालवू नये. ती बॅटरी इंजिन चालू करताना काही सेकंद मोठा जोर देण्यासाठी बनवलेली असते. रात्रभर बल्ब-पंखा चालवला की ती पार उतरते, सकाळी गाडी चालू होत नाही आणि दोन-चार वेळा असे झाले की बॅटरीच कामातून जाते. दुकानासाठी वेगळी बॅटरी घ्यावी.

ती केवढी घ्यावी? दुकानदाराला विचारण्याआधी घरी कागद-पेन घेऊन बसावे. समजा, 9 वॅटचे 4 एलईडी बल्ब 5 तास चालतात, म्हणजे 180. 20 वॅटचा डीसी पंखा 8 तास, म्हणजे 160. तीन मोबाइल चार्ज करायला 75 धरा. बेरीज 415 वॅट-तास. वाटेत थोडी वीज वाया जाते, म्हणून 480 धरा. 12 व्होल्टने भागले की 40 अँपिअर-तास येतात. ही एका रात्रीची गरज.

आता बॅटरीचा प्रकार. पाणी घालायची ट्यूब्युलर बॅटरी स्वस्त पडते, पण ती निम्मीच वापरावी, नाहीतर लवकर खराब होते. म्हणजे 40 ची गरज असेल तर 80 अँपिअर-तासांची घ्यायची. ती जड असते, खड्ड्यांच्या रस्त्यावर आतले ॲसिड सांडते. सीलबंद बॅटरीत सांडण्याची भीती नाही, पाणीही घालावे लागत नाही; मात्र निम्म्याचा नियम तिलाही लागू. तिसरी लिथियम, त्यातही लिथियम आयर्न फॉस्फेट. ही वजनाला हलकी, 80 टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणून 50 अँपिअर-तासांची पुरते. किंमत जास्त, पण वर्षाला अनेक यात्रा करणाऱ्याला ती परवडते. मात्र तिचा चार्जर वेगळा असतो आणि आत संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, असावे लागते. पक्के बिल आणि वॉरंटी नसलेला, कुठेतरी जुळवलेला पॅक स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. आपली लेकरे त्याच्या शेजारी झोपणार आहेत.

खरा धोका जोडणीत असतो. 12 व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक बेफिकीर राहतात. पण घरच्या 230 व्होल्टवर 300 वॅटला सव्वा अँपिअरच्या आसपास करंट लागतो, तोच 12 व्होल्टवर 25 अँपिअर होतो. घरातली बारीक वायर इथे लावली की ती तापते, वरचे प्लास्टिक वितळते आणि भोवती कापड, पुठ्ठा असा सगळा जळाऊ माल असतो.

म्हणून एवढे कराच. बॅटरीच्या प्लस टोकापासून एका वितेच्या आत फ्यूज बसवावा. तार कुठेही घासली, पत्र्याला लागली तर फ्यूज उडेल, आग लागणार नाही. फ्यूज वायरीला झेपेल एवढाच असावा; उडाला म्हणून त्या जागी तारेचा तुकडा कधीही बांधू नये. 300 वॅटच्या इन्व्हर्टरला 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि 40 अँपिअरचा फ्यूज लावावा. खरे तर बल्ब-पंखा 12 व्होल्टचेच घेतले तर इन्व्हर्टर लागतच नाही आणि तो स्वतः खातो ती वीजही वाचते. नुसत्या चिमट्यांनी जोडणी करू नये. वायरीच्या टोकाला थिंबल दाबून ते नट-बोल्टने घट्ट करावे. टोकांना व्हॅसलिन लावले की पांढरी-हिरवी बुरशी चढत नाही.

दोन बॅटऱ्या जोडायच्या असतील तर एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. जुनीला नवी जोडली तर जुनी नवीलाही खाली ओढते. प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडावे. मग दुकानाची प्लस तार एका बॅटरीवरून आणि मायनस दुसरीवरून घ्यावी, म्हणजे दोघींवर सारखा भार पडतो. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडला तर 24 व्होल्ट होतात आणि सगळे बल्ब जातात. जोडताना प्लस आधी, सोडताना मायनस आधी. हातातली अंगठी, बांगडी काढून ठेवावी. पाना दोन्ही टोकांना एकदम टेकला तर ठिणग्या उडतात.

चार्ज होताना पाण्याच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेतो. बंद गाडीत, झोपायच्या जागी ती चार्जिंगला लावू नये. जवळ विडी-काडी, चूल नको. ॲसिड अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर किमान 15 मिनिटे पाण्याची धार धरावी आणि लगेच दवाखाना गाठावा.

मुक्काम लांबला तर टपावर 100 वॅटचे सोलर पॅनल ठेवावे. आपल्याकडच्या उन्हात ते दिवसाला साधारण 350 ते 400 वॅट-तास देते, म्हणजे रात्रीची बरीचशी गरज भागते. पॅनल थेट बॅटरीला न जोडता चार्ज कंट्रोलरमधून जोडावे. कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल.

शेवटी, निकामी बॅटरी घरामागे टाकू नये, फोडूही नये. आतले शिसे विषारी असते आणि त्याचा सर्वाधिक त्रास लहान मुलांना होतो. ती विक्रेत्याला परत द्यावी, नव्या बॅटरीत त्याची सूटही मिळते.

चांगली बॅटरी घ्यायला चार पैसे जास्त लागतील. फ्यूजला मात्र चहाच्या काही कपांएवढाच खर्च येतो. यात्रेला निघण्यापूर्वी घरातल्या मोठ्यांनी एकदा तो बसवलेला आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.