तक्त्याने पास केलेला डोळा

एका डोळ्यापुढे धुके यावे, डोळा हलवला की दुखावे, लाल रंग फिका दिसावा, आणि काही आठवड्यांत सारे पूर्ववत व्हावे. तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते! मग तक्रार कसली? माझ्या मते इथेच आपण फसतो.

ही दृक्चेतेची सूज असू शकते. मल्टिपल स्क्लेरॉसिस या रोगाची सुरुवात पुष्कळदा अशी होते. त्यात शरीराचीच प्रतिकारयंत्रणा चेतातंतूंवरच्या मायेलिनच्या आवरणावर हल्ला करते. तारेचे वेष्टन उसवते, पुढे तारच तुटते. मागे तार तुटली की डोळ्यातले तिचे टोकही वाळत जाते. गंमत अशी, की डोळ्याच्या आत या तंतूंवर सहसा मायेलिन नसतेच. म्हणून दृष्टिपटलावरच्या तंतूंच्या थराची जाडी मोजली, की तारांचाच हिशेब लागतो.

हा थर सुमारे १०० मायक्रोमीटर जाड, म्हणजे वहीच्या कागदाएवढा. तो जिवंत डोळ्यात मोजायचा कसा? प्रकाशाचा झोत दुभंगायचा; एक भाग आरशाकडे, दुसरा डोळ्यात. दोन्ही परतले की त्यांचे व्यतिकरण होते, पण दोघांनी कापलेली अंतरे काही मायक्रोमीटरच्या आत जुळली तरच. आरशाचे अंतर ठाऊक, म्हणून थराची खोली कळते. मायकेल्सनने १८८७ च्या प्रयोगात वापरलेल्या व्यतिकरणमापीचाच हा अवतार. (हा धडा आला की आमची मागची बाके पेंगू लागतात!) १९९१ मध्ये अमेरिकेत हुआंग, फुजिमोटो व सहकाऱ्यांनी ही पद्धत जाहीर केली. तिचे नाव ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, थोडक्यात ओसीटी.

तिने काय दाखवले? सुजेनंतर काही महिन्यांत हा थर सरासरी २० मायक्रोमीटरच्या आसपास पातळ होतो. दृष्टी परतली, तंतू परतले नाहीत.

अर्थात काचबिंदूतही थर पातळ होतो. नुसत्या आकड्यावरून रोगाचे नाव ठरत नाही. तपासणी आणि एमआरआय हवेच. पण २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित निदान-निकषांनी दृक्चेतेला स्थान दिले आहे. दुसरे कारण नसेल, तर दोन डोळ्यांतला ६ मायक्रोमीटरचा फरकही त्यांत पुरावा ठरतो. ओसीटी यंत्रे काचबिंदू व मधुमेहासाठी अनेक नेत्ररुग्णालयांत आधीच आहेत. ना सुई, ना चिरफाड. काही मिनिटांचे काम. मग असे धुके येऊन गेलेल्या प्रत्येकाचे दोन्ही डोळे का मोजू नयेत?

घरात कुणाला असे झाले असेल, तर धुके विरले असले तरी डॉक्टरांना ते आल्याची तारीख सांगायला लावा.