पाटी मिळाली, सुट्या भागांचे काय?

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचा रथोत्सव सुमारे शंभर वर्षे खंडित होता. २०१५ मध्ये नवा लाकडी रथ घडवून तो पुन्हा सुरू झाला. एके काळी तंजावर जिल्ह्यातच असलेल्या तिरुवारूरचा महाकाय रथही असाच थांबला होता. १९७० मध्ये तो पुन्हा निघाला आणि तिरुचिरापल्लीच्या ‘भेल’ने त्याला हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले. नवे भाग बसवल्यामुळे तो रथ मूळचा राहिला नाही, असे कोणीही भाविक म्हणत नाही. जुने वाहन चालते ठेवायचे तर त्याचा भाग बनवून देणारा कारागीर किंवा कारखाना जवळपास असावा लागतो. रथांच्या बाबतीत समाजाला उमगलेली ही गोष्ट मोटारींच्या बाबतीत आपल्या धोरणकर्त्यांना अद्याप उमगलेली नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांची व्याख्या केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने तीत बसतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षांची आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, फेरी, इंधन भरणे वा दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. पाऊल स्वागतार्ह होते. पण या मान्यतेने गाडीला पाटी मिळाली. तिचा झिजलेला पिस्टन कोठून आणायचा, हा प्रश्न होता तिथेच राहिला.

तंजावरच्या एखाद्या ‘स्टँडर्ड हेराल्ड’च्या मालकाचा विचार करा. ही गाडी मद्रासमध्येच तयार होत असे. तिचा कारखाना १९८०च्या दशकाच्या अखेरीस बंद पडला. आज तिच्या भागांसाठी तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या चेन्नईतील पुदुपेट्टैचा जुना बाजार धुंडाळायचा, नाहीतर ब्रिटनहून तिच्या जुळ्या बहिणीचे, ‘ट्रायम्फ हेराल्ड’चे, भाग मागवून आयात शुल्क भरायचे. तेथे अशा गाड्यांचे भाग आजही मिळतात, कारण काही मूळ साचे जपले गेले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ने तर १९८८ पासून ‘एमजीबी’ची संपूर्ण बाह्यांगे पुन्हा बनवायला घेतली. आपल्याकडे कारखान्याला कुलूप लागले की साचे बहुधा भंगाराच्या भावाने जातात.

एक काचेचे रबर किंवा एक ब्रेक सिलिंडर बनवणे अवघड नसते. महाग असतो तो साचा. एका नगासाठी त्याचा खर्च परवडत नाही, दोनशे नगांवर विभागला की परवडतो. म्हणूनच वर्षातून एकदा फुलांच्या माळा घालून गाड्यांची मिरवणूक काढणे एवढेच क्लबचे काम असू नये. मागणी एकत्र करणे, नमुना भाग मोजून आरेखन जपणे आणि कारखानदाराकडे एकगठ्ठा मागणी नोंदवणे हे त्याचे खरे काम. महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. तिला आपण सहकार म्हणतो.

कौशल्याची तर वाण नाहीच. तंजावर जिल्ह्यातल्याच स्वामीमलै येथे आजही मेणाची मूर्ती घडवून तिच्यावर कावेरीच्या गाळमातीचे थर देतात, मेण वितळवून काढतात आणि पोकळीत धातू ओततात. एकेक नग घडवण्याच्या याच तत्त्वावर आधुनिक ‘इन्व्हेस्टमेंट कास्टिंग’ उभे आहे. मूर्तिकारांनी कार्ब्युरेटर घडवावेत, असे कोणी म्हणणार नाही. त्यातली अचूकता आणि धातूचे मिश्रण वेगळे. पण कोइम्बतूर, पुणे, कोल्हापूर येथील लहान ओतशाळांना हे काम जमण्यासारखे आहे. प्रश्न आहे तो त्यांच्यापर्यंत मागणी पोहोचवण्याचा.

हा श्रीमंतांचा शौक असल्याचा आक्षेप घेतला जाईल. महाराजांच्या रोल्स-रॉइसपुरता तो खराही आहे. पण मुंबईच्या टॅक्सीतळावरची, कुर्ल्यात घडलेली ‘प्रीमियर पद्मिनी’ ही मध्यमवर्गाची आणि टॅक्सीचालकाच्या भाकरीची गाडी होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. १९८५ची पद्मिनी ‘व्हिंटेज’ ठरायला २०३५ उजाडेल. ऐतिहासिक वाहनांची ‘फिवा’ ही जागतिक संघटना तीस वर्षांची अट घालते, आपण पन्नासची. दरम्यान, २०२२ मध्ये पंधरा वर्षांपुढील खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क सहाशेवरून थेट पाच हजार रुपये झाले. प्रदूषण करणाऱ्या गाड्या रस्त्यावरून हटवल्याच पाहिजेत. पण जतनासाठी ठेवलेली आणि वर्षाला मोजके किलोमीटर धावणारी गाडी त्यांच्याच तागडीत तोलली, तर पन्नाशी गाठायला फारशा गाड्या उरणारच नाहीत.

उपाय खर्चिक नाहीत. तीस ते पन्नास वर्षांच्या, जपलेल्या गाड्यांसाठी मर्यादित वापराचा मधला वर्ग निर्माण करावा. मूळ मापाबरहुकूम नव्याने बनवलेला भाग बसवल्याने गाडीचे ‘मूळ स्वरूप’ बाधित होत नाही, हे नियमात स्पष्ट लिहावे. उत्पादन थांबलेल्या गाड्या चिरडण्यापूर्वी भंगार केंद्रांनी नोंदणीकृत क्लबांना ब्रेक व सुकाणू यंत्रणा वगळून इतर भाग घेण्याची संधी द्यावी. आणि बंद पडलेल्या वाहन कंपन्यांची आरेखने अवसायकाच्या कपाटात कुजण्याऐवजी सार्वजनिक अभिलेखागारात यावीत.

तिरुवारूरच्या रथाला ब्रेक बसवताना त्याचे वय किती, असे कोणी विचारले नाही. तो सुरक्षित चालावा, एवढेच पाहिले. मोटारींनाही तोच न्याय लावायला हरकत कोणती?