पाहावा समुद्र, राहावं यवतमाळात

माणूस निवृत्त झाला की त्याच्यावर दोन संकटं येतात. हा गृहस्थ आता दिवसभर घरात असणार, हे बायकोच्या ध्यानात येतं, हे पहिलं. आणि त्याने उरलेलं आयुष्य कुठं काढावं हे ठरवायला मुलं मोकळी होतात, हे दुसरं. पहिल्यावर मी दोन वेळा फिरायला जाण्याचा उपाय काढला. दुसरं मात्र गेल्या दिवाळीत गुळगुळीत कागदावर छापून पुण्याहून घरी आलं.

चिरंजीवांनी फराळाला हात लावायच्या आधी बॅगेतून एक माहितीपत्रक काढलं. अलिबागला दोन खोल्यांचा फ्लॅट. बाल्कनीत वेताच्या खुर्च्या, खुर्च्यांत पांढऱ्या केसांचं एक जोडपं आणि समोर समुद्र. दोघांचे दात असे काही चमकत होते, की फ्लॅटच्या आधी मला त्यांच्या दंतवैद्याचा पत्ता विचारावासा वाटला.

"बाबा, यवतमाळचं घर विकू. कमी पडेल ते मी घालीन. तुम्ही दोघांनी आयुष्य उन्हात काढलंत. आता समुद्राकाठी आरामात राहा."

मुलगा गुणी आहे, त्याच्या हेतूबद्दल शंका नाही. पण मी नोकरी केली पाटबंधारे खात्यात. चौतीस वर्षं पाणी मोजलं. कालव्याच्या शेवटच्या टोकावरच्या शेतकऱ्याला पाणी पोचेल की नाही, या काळजीत केस घालवले. अशा माणसाला म्हातारपणी एवढं पाणी दाखवायचं, आणि त्यातलं घोटभरही पिण्याच्या कामाचं नाही म्हणून सांगायचं, याला आराम म्हणत नाहीत.

यवतमाळचं कौतुक सांगण्याआधी यवतमाळचे गुन्हे कबूल करून टाकतो, म्हणजे विरोधी पक्षाचं काम हलकं होईल. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिसापर्यंत चढतो. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या आमच्या दोन्ही धरणांनी हात वर केले. नळ कधी येईल यावर गल्लीत पैजा लागत, आणि आमच्या पाहुण्यांच्या खोलीत पाहुण्यांऐवजी ड्रम उतरले होते. रेल्वेचं म्हणाल, तर इंग्रजांच्या काळात कापूस वाहायला घातलेली शकुंतला मूर्तिजापूरपर्यंत नॅरोगेजवरून डुलत जायची. १९९४पर्यंत ती वाफेवर चालली, पुढे डिझेलवर चालली आणि शेवटी चालायचीच थांबली. वर्ध्याहून निघालेली नवी गाडी २०२४ साली कळंबपर्यंत आली, तेव्हा आधी चिंतामणीचं दर्शन घेऊन मगच पुढं यायचा तिचा बेत दिसला.

हे सगळं मान्य. तरी मुलाचं मन मोडू नये म्हणून आम्ही 'नमुना' बघायचं कबूल केलं. त्याच इमारतीतला एक फ्लॅट आठ दिवसांसाठी भाड्याने मिळाला. जवळजवळ सातशे किलोमीटर जाऊन आम्ही पोचलो शुक्रवारी. शनिवार-रविवार काय मजा सांगू! ओहोटीला कुलाबा किल्ल्यात पायी चालत गेलो. मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरलेली माणसं सगळीकडे. बायको तर पाण्यात उभी राहून लहान पोरीसारखी हसत होती. समुद्राबद्दल माझी तक्रार नाही, हे लिहून घ्या.

सोमवारी इमारत ओस पडली. चोवीस फ्लॅट, त्यांतले तेवीस बंद. बुधवारी रात्री बायकोला चक्कर आली आणि ती न्हाणीघराच्या दाराशी बसली. मी धावत जिना उतरलो आणि प्रत्येक मजल्यावरच्या घंटा वाजवल्या. आत घंटा छान वाजत होत्या. बाहेर दारांवर नावांच्या पितळी पाट्याही छान होत्या. माणूस तेवढा नव्हता. शेवटी वॉचमन धावला. जवळच्याच खेड्यातला होता. त्याने रिक्षा आणली, दवाखान्यात रात्रभर बाकावर बसून राहिला आणि पैसे द्यायला गेलो तर रागावला. निदान रक्तदाबाचं निघालं, गोळीवर भागलं. पण त्या जिन्यातल्या पंधरा मिनिटांत मी जेवढा म्हातारा झालो, तेवढा चौतीस वर्षांच्या नोकरीत झालो नव्हतो.

याउलट आमचं यवतमाळ. मागच्या पावसाळ्यात एकदा मला सकाळी उठायला उशीर झाला. आठ वाजले तरी पेपर व्हरांड्यातच पडलेला. तर शेजारच्या काकू फाटक उघडून खिडकीशी हजर. "भाऊ, आहे ना जी?" मी म्हटलं, "आहे." त्या म्हणाल्या, "मंग पेपर उचला ना! उगाच जिवाले घोर लावता." आता याला कुणी चोंबडेपणा म्हणेल. मीही तीस वर्षं तेच म्हणत आलो. अलिबागच्या त्या जिन्यात मला कळलं, की म्हातारपणी चोंबडा शेजारी हीच खरी विमा पॉलिसी, आणि तिचा हप्ता म्हणजे फक्त वाटीभर साखर.

तेव्हा माझं भांडण अलिबागशी नाहीच. त्या बिचाऱ्या गावाने आधीच पुष्कळ सोसलंय. 'मी काय अलिबागहून आलोय?' या म्हणण्याविरुद्ध २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली, आणि न्यायालयाने ती फेटाळली. मला विचाराल तर अलिबागहून आलेला माणूस शहाणाच असतो. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळी आडव्या केल्या, तेव्हा त्या बागांतून पुन्हा रोपं लावली ती तिथं राहणाऱ्यानेच. त्याच्यासाठी अलिबाग हेच यवतमाळ आहे. माझं भांडण आहे ते जिथं चार दिवस जायचं तिथं जन्म काढायला निघणाऱ्या अकलेशी. लग्नातली जिलबी चांगली लागते, म्हणून कुणी मांडवातच बिऱ्हाड करत नाही.

आणखी एक गोष्ट, जरा गंभीरपणे. मुलगा म्हणाला, "बाबा, पेपरात यवतमाळचं नाव कशासाठी येतं, माहीत आहे ना?" माहीत आहे. १९७३ साली इथं साहित्य संमेलन झालं, तेव्हा अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. २०१९ साली पुन्हा झालं, तेव्हा उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, म्हणजे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. या दोन तारखांच्या मधली बरीच वर्षं मी याच जिल्ह्यात पगार घेतला. आता पेन्शन घेतो. ज्यांच्या शेताला मी पाणी पोचवू शकलो नाही, त्यांच्याच गावातून निदान किराणा, दूध, भाजी तरी घेतो. ज्यांना दर महिन्याला ठरलेला पैसा मिळतो, ती सगळी माणसं उद्या वेताच्या खुर्च्यांकडे निघून गेली, तर इथं मागे राहणार कोण? ज्यांना जायची सोय नाही, तेच. असल्या रांगेत सगळ्यांत आधी पळणारा होण्यापेक्षा मी उन्हात बरा.

एवढं सगळं भाषण मी मुलाला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "बाबा, आईला विचारलंत का?" हा मुद्दा, खरं सांगायचं तर, माझ्याकडून राहूनच गेला होता. पाण्यात उभं राहून हसणारी बायको डोळ्यांपुढे आली, आणि चाचरतच विचारलं. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "समुद्र मला फार आवडला. दरवर्षी आठ दिवस नेलंच पाहिजे. पण फोडणी पडल्यावर कढीपत्ता नाही असं लक्षात आलं, तर तिथं मी कुणाचं दार वाजवू?"

माझ्या एवढ्या युक्तिवादाला जे जमलं नव्हतं, ते कढीपत्त्याने केलं. अलिबागची पुढच्या जानेवारीची आठ दिवसांची जागा मुलाने कालच ठरवली. वॉचमनसाठी बायको पापड लाटणार आहे. आणि ते माहितीपत्रक? कागद जाड आहे, तेल पीत नाही. ते आता आमच्या फडताळात लोणच्याच्या बरणीखाली आहे. जोडपं अजून तसंच हसतंय.